मास्तराचा साहेब

सर, तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, ते मी केव्हाच मागे टाकलं. आता मी तुमच्यापेक्षा मोठा आहे. तरी मनातल्या मनात तुमच्याशी बोलायला लागलो की मी नववीतला, हिर्डोशीकडून भोरला शिकायला आलेला पोरगाच असतो आणि तुम्ही खाटेवर मांडी घालून बसलेले असता. एरवी मी तुमच्याशी शाळेतलं बोलतो, हल्लीच्या पाठ्यपुस्तकांबद्दल कुरकुर करतो. आज मात्र लिहायला बसलोय, आणि ती कादंबरी काढायची आहे, नावेची आणि काठीची. तिच्यावरून तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी दिलेलं प्रत्येक उत्तर खोडून काढलं होतंत. आता उत्तर सापडलंय असं मी म्हणणार नाही. पण त्या प्रश्नात मी स्वतःच जाऊन पडलोय आणि वर यायची वाट दिसत नाही.

शनिवारी सकाळची शाळा. ती दुपारच्या आत सुटायची आणि आमच्या बाजूची एसटी दुपारनंतर कधीतरी लागायची. कधीतरी म्हणजे अगदी कधीतरी. वरंध्याच्या घाटाकडे जाणाऱ्या गाडीची वेळ स्टँडवर लिहिलेली असे, पण ती वाचून कुणी घरातून निघत नसे. तोवर मी तुमच्या खोलीवर. त्या खोलीत कुठली वस्तू कुठे असेल हे तुम्हालाही माहीत नसायचं. तांदळाच्या डब्यात पेन निघायचं, खाटेखालून पुस्तक ओढलं तर बनियन यायचा. स्टोव्हवर पिठलं टाकून तुम्ही वाचायला बसायचात आणि करपल्याचा वास आला की म्हणायचात, "हं, झालं वाटतं." खाली लागलेलं पिठलं आणि भात खात मी ती कादंबरी ऐकली, दर शनिवारी थोडी थोडी, गाडीचा हॉर्न ऐकू येईपर्यंत. अर्ध्या वाक्यात तुम्ही पुस्तक मिटायचात आणि म्हणायचात, "पळ." मग आठवडाभर ते वाक्य माझ्या डोक्यात अर्धंच राहायचं.

पुरात पूल वाहून गेलेल्या एका गावाची ती गोष्ट. तुम्ही सारोळ्याचे, नीरेच्या पुलाकडे बघत वाढलेले, म्हणूनच तुम्हाला ती एवढी लागली असावी. पूल गेला, नदी ओलांडायला एकच नाव उरली, आणि माणसं तिच्यावर तुटून पडायला लागली. एके दिवशी बाजाराची गर्दी तिच्यात चढली आणि नाव उलटली. खूप माणसं गेली. दुसऱ्या दिवशी नाक्यावरचा एक गरीब कारकून, ज्याला आजवर कुणी चहासुद्धा विचारला नव्हता, हातात काठी घेऊन काठावर उभा राहिला आणि म्हणाला, रांग लावा. लोकांनी लावली. त्यानं ती काठी कधी कुणाला मारली नाही. आधी आजारी, मग पोटुश्या बायका, मग बाकीचे, असा त्याचा न्याय. कुणी बुडेनासं झालं. लोक त्याला हात जोडायला लागले. हळूहळू कोण खरा आजारी हे तो ठरवायला लागला, मग कोण भला माणूस हेही. शेवटी सरकारनं नवा पूल बांधला, आणि तो कारकून पुलाच्या तोंडाशी काठी घेऊन उभा राहिला, आणि लोक पुलावरून जायलाही रांगेत उभे राहिले. तिथं पुस्तक संपतं.

तुम्ही विचारलंत, "हा माणूस कुठल्या पानावर बिघडला, सांग."

मी लगेच म्हणालो, काठी घेतली त्या पानावर. तुम्ही हसलात. "आणि घेतली नसती तर? नाव परत उलटली असती. मेलेली माणसं मोजत बसायचं का मग?" पुढच्या शनिवारी मी दुसरं पान सांगितलं, लोकांनी त्याला पहिल्यांदा नमस्कार केला ते. तुम्ही म्हणालात, "नमस्कार लोकांनी केला. त्याचा काय दोष त्यात?" असं बरेच शनिवार चाललं. तुमचं पान कोणतं ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. दहावी झाल्यावर ते पुस्तकच माझ्या हातात दिलंत. पाठीला चिकटपट्टी, मधली पानं सुटलेली. मला वाटलं होतं, कुठल्या तरी पानावर पेन्सिलीची खूण असेल. नव्हती.

खरं सांगायचं तर तेव्हा मला तुमची थोडी लाज वाटायची. तुमचा वर्ग म्हणजे आठवड्याचा बाजार. मागच्या बाकावर चिंचा, मधे भांडणं, आणि तुम्ही त्या गलक्यात कविता शिकवत राहायचात, ज्याला ऐकायची त्यानं ऐकावी. एकदा तुम्ही ऑफिसात गेला होतात आणि मॉनिटर म्हणून मी खडू घेऊन फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायला घेतली. वर्ग चिडीचूप झाला. मला अजून आठवतं, ती शांतता अंगावरून कशी गार गेली होती. तुम्ही दारात आलात, फळा पाहिलात आणि डस्टर न शोधता हाताच्या तळव्यानं सगळं पुसून टाकलंत. "कुणी सांगितलं होतं तुला?" एवढंच. सगळ्या वर्गासमोर. मी रडकुंडीला आलो. वर्ग पुन्हा बोंबलायला लागला आणि मला वाटलं, ह्या माणसाला जमत नाही म्हणून हा दुसऱ्याला करू देत नाही. हेडमास्तरांनाही तसंच वाटत असणार. पुढे तुमची बदली झाली ती त्यामुळेच, असं गावात बोलत.

मी मास्तर झालो ते तुमच्यामुळे, आणि तुमच्यासारखा व्हायचं नाही असं ठरवून झालो. आता बरीच वर्षं पानशेतच्या वर, वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका गावात आहे. धरणाच्या कडेकडेनं रस्ता येतो, गावातून जातो आणि वर धबधब्याशी संपतो. तुमच्या वेळी ह्या रस्त्यावर दिवसाला एखादी जीप दिसली असती. आता पावसाळ्यातल्या रविवारी पुण्याच्या गाड्यांची रांग धरणापर्यंत लागते. गाणी, कणसं, बाटल्या, रस्त्याच्या मधोमध उभं राहून मोबाईलवर काढलेले व्हिडिओ. गावाला चार पैसे मिळतात, त्यामुळे तक्रार करणारेही दबकून करतात.

वळणावरच्या जांभळाखाली धनगरवाड्यावरची एक म्हातारी ताक विकायला बसायची. वाडा वर डोंगरात, पायवाटेनं चढून जायचं. म्हशी, शेळ्या, नाचणीचे दोन तुकडे, एवढ्यावर त्यांचं चालतं. मी तिला मावशी म्हणतो. मी तिला तुम्ही म्हणायचो आणि ती मला तू. गावात मी आलो तेव्हापासून तसंच. सगळं गाव मला सर म्हणतं, ही एकटी हाक मारायची, "आरं मास्तरा, वाळलास किती. बायकू जेवाय घालती का न्हाई? हे घे, पी." भांडं हातात कोंबायची. मी नको म्हटलं की शिव्या. आई गेल्यापासून मला तू म्हणणारं माणूस ह्या बाजूला तेवढंच होतं, सर. मला ते फार हवं असायचं. तेव्हा कळलं नव्हतं, एवढंच.

एका पावसाळ्यात रविवारीच तिच्या नवऱ्याला घोणस चावली. तो गुरांमागे गेला होता. घोंगडीची झोळी करून पोरांनी त्याला खाली आणला आणि आम्ही टेम्पोत घातला. गावाच्या बाहेर पडतो न पडतो तोच गाड्या. पुढे गाड्या, मागे गाड्या, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. मी उतरून पुढे धावलो, काचांवर थापा मारल्या, ओरडलो. एका मुलानं काच खाली करून फार नम्रपणे सांगितलं, "काका, आम्ही तरी काय करणार, पुढेच जाम आहे." खरंच होतं त्याचं. वाईट कुणीच नव्हतं. सगळे फिरायला आलेले होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की अडवणारा दुसरा आहे. मी परत टेम्पोपाशी आलो तेव्हा मावशी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि पदरानं त्याचं तोंड पुसत होती. तो गेलेला होता. शेजारच्या गाडीतलं गाणं चालूच होतं. मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तरा, तू शिकल्याला हाईस. ह्यान्ला कुनीतरी आवराय पायजे. तू आवर."

मी आवरलं. देवळात गाव जमवलं, समिती केली, तरणी पोरं तयार केली. वळणावर रस्त्याला आडवा दोर बांधायचा, वरच्या गाड्या खाली आल्या की खालच्या सोडायच्या. एक कड अँब्युलन्ससाठी मोकळी. दोर माझ्या हातात, गळ्यात शिट्टी. पहिल्या रविवारी मी हात वर केला आणि माझ्या घराएवढी वाटावी अशी एक काळी गाडी माझ्यापुढे वीतभर अंतरावर थांबली. आतल्या माणसानं हात जोडले. जन्मभर एसटीची वाट पाहिलेला माणूस मी, सर. मला फार गोड वाटलं. मी त्याला समाधान असं नाव दिलं. आणि काम झालंच, हेही लिहायला हवं. दूधवाल्याची गाडी वेळेवर जायला लागली. कळा सुरू झालेल्या एका पोरीला रविवारी दुपारी न थांबता खाली नेलं. ती पोरगी आणि तिचं बाळ सुखरूप आहेत. हे सगळं चूक होतं असं कुणी मला सांगू दे. तुम्हीही सांगू शकणार नाही.

मग टपऱ्या नीट लावल्या. चुन्यानं चौकोन आखले, कुणी कुठं बसायचं ते देवळातल्या बैठकीत ठरवलं. वाड्यावरचं कुणी त्या बैठकीला आलं नव्हतं. गुरं सोडून येणार कसं? जांभळाखालची जागा मोकळ्या कडेत येत होती म्हणून तिथं कुणीच बसायचं नाही असं ठरलं. पुढच्या रविवारी मावशी नेहमीसारखी तिथं येऊन बसली. मी सांगायला गेलो तर हसली. "म्या काय गाडी हाय व्हय मास्तरा, आडवी याया? तूच ये, बस हितं, ताक पी." समितीची पोरं बघत होती. दोन गाड्यांतली माणसंही बघत होती. माझं तोंड तापलं. मी म्हणालो, "मावशी, ऊठ इथून. नियम सगळ्यांना सारखा."

ऊठ, म्हणालो. उठा नाही. ते माझ्या तोंडून गेल्यावर मला ऐकू आलं, आणि तिलाही आलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मडकं डोक्यावर घेतलं आणि दोरापलीकडे, जिथं एकही गाडी थांबत नाही तिथं जाऊन बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. जांभळाखाली पुढच्याच आठवड्यात पोरांनी माझ्यासाठी खुर्ची आणि मोठी छत्री लावली, कारण सर दिवसभर उन्हापावसात उभे राहतात. त्याच मोकळ्या कडेत. मी बसलो. कुणाला त्यात काही खटकलं नाही, आणि मलाही ते त्या क्षणी दिसलं नाही. तुम्ही म्हणाल, मग कुठल्या क्षणी दिसलं? सर, तेच तर. मी मागे जाऊन एकेक पान उलटून बघतो आणि प्रत्येक पानावर मी बरोबर असतो.

त्यानंतर ती मला साहेब म्हणायला लागली. टोमणा म्हणून नाही. टोमणा असता तर मी धावत गेलो असतो. ती अगदी सरळ, खाली बघून म्हणायची, "साहेब, म्या तकडं हाय. तुमास्नी आडचन न्हाई ना?" रविवार संपला की भरलेलं मडकं तसंच घेऊन ती पायवाट चढायची. खुर्चीतून मला ती वळणावळणाला दिसायची. तिनं एक म्हैस विकल्याचं मला दुसऱ्याकडून कळलं. पूर्वी ती तिच्या म्हशीचं दुखलंखुपलंसुद्धा मला येऊन सांगायची.

मी सोडायचा प्रयत्न केला. बैठकीत म्हणालो, आता दुसऱ्या कुणीतरी दोर घ्या. सगळे एकदम बोलायला लागले. "न्हाई सर, तुमच्याबिगर न्हाई जमायचं. तुमी नसला तर पुन्यांदा तीच गत." मी पुष्कळ आढेवेढे घेतले, आणि घेत असताना मला कळत होतं की हे ऐकायला मी आलो होतो. दिवाळीनंतर एका मधल्याच दिवशी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मी वळणावर दोर तपासायला गेलो होतो. दोर सोडलेला, खाली पडलेला. गावातलाच एक जण मोटरसायकलवरून आला, माझ्यापाशी थांबला, एक पाय जमिनीवर टेकवला आणि म्हणाला, "जाऊ का सर?" रस्ता मोकळा होता. त्याच्याच गावचा रस्ता. मला तुमच्या कादंबरीचं शेवटचं पान आठवलं, अगदी छापल्यासारखं. मी त्याला म्हणू शकलो असतो, मला काय विचारतोस वेड्या. मी म्हणालो, "जा."

त्या दिवशी घरी येऊन मी पुस्तक काढलं. वाचवेना. मला तुमचा वर्ग आठवत राहिला. तुम्हाला जमत नव्हतं असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आता वाटतं, तुम्हाला चांगलं जमलं असतं, आणि ते तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही नावं लिहायला खडूला हात लावत नव्हतात. पण ह्या विचारानंही मला सुटल्यासारखं वाटत नाही. तुमच्या गलक्यात कुणी मेलं नाही, सर. माझ्या रस्त्यावर एक माणूस बायकोच्या मांडीवर मेला. तुमची वाट धरावी तर तो टेम्पो डोळ्यांपुढे येतो आणि माझी धरावी तर मावशीची खाली गेलेली मान. तिसरी वाट असती तर त्या लेखकानं लिहिली असती, किंवा तुम्ही तरी करपलेलं पिठलं खाता खाता मला सांगितली असती.

यंदा पाऊस लागल्यावर मी वाडा चढून गेलो. मावशी शेण भरत होती. मला बघून हात धुतले, पदर डोक्यावर घेतला, आत जाऊन घोंगडी आणून अंथरली. पूर्वी ती म्हणायची, टेक तिथं दगडावर. मी उभ्यानंच सांगितलं की जांभळाखाली परत बसा, खुर्ची मी हलवतो. तिनं हात जोडले. "लई उपकार झालं साहेब." माझे डोळे भरून आले, आणि मेल्याहून वाईट गोष्ट ही की त्या भरून येण्यातही मला बरं वाटत होतं. जागा काढून घेतली तेव्हा वाटलं होतं त्याहून जास्त बरं, देताना वाटलं. तिचीच जागा होती ती. मी म्हणालो, "मावशी, साहेब नका म्हणू. पहिल्यासारखं तू म्हणा मला. मास्तर म्हणा." ती गोंधळली. सुनेकडे पाहिलं. मग मान हलवून म्हणाली, "बरं साहेब. तुमी म्हनाल तसं."

मी डोंगर उतरलो तो कसा ते मला आठवत नाही. हे सगळं मी तुम्हाला लिहितोय कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, सर, तुम्ही फार मनाला लावून घेता. तुम्ही तसं म्हणाला नसता. तुम्ही विचारलं असतं, मग पुढे काय झालं? पत्र टाकायला पत्ता नाही, आणि पत्ता असता तर पुढचं मी लिहिलं नसतं.

ती जांभळाखाली परत बसते. पोरांनी खुर्ची चार हात सरकवली. परवाच्या रविवारी गर्दी भरात होती, दोर माझ्या हातात होता, आणि पुण्याहून आलेले एक अधिकारी माझ्याजवळ उभे राहून व्यवस्थेचं कौतुक करत होते. तेवढ्यात मागून मावशीची हाक आली. मी सांगितलं म्हणून असेल, किंवा तिला खरंच जुनं काही आठवलं असेल, पण तोच जुना, खणखणीत आवाज. "आरं मास्तरा, घसा सुकला आसंल तुजा. ये, ताक पी." इतक्या दिवसांनी. ह्या एका हाकेसाठी मी डोंगर चढून गेलो होतो. अधिकारी हसले. मी वळून तिच्याकडे पाहिलं. बोललो काहीच नाही, सर, शप्पथ. नुसतं पाहिलं. तिनं भांडं दोन्ही हातांत धरलं, उठून उभी राहिली आणि म्हणाली, "घ्या साहेब."

मी घेतलं.